जुनी तार, नवा पिकअप

स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले की शाळेच्या प्रयोगशाळेत एरवी न दिसणाऱ्या वस्तू दिसू लागतात. गेल्या वर्षी अकरावीतले दोन मित्र आपापली इलेक्ट्रिक गिटार घेऊन आमच्याकडे आले, ते भांडतच. दोन्ही गिटार एकाच नमुन्याच्या. पहिल्याने आपल्या गिटारवरचा जुना पिकअप काढून नवा बसवला होता आणि त्याचा आवाज एकदम खणखणीत झाला होता. ते ऐकून दुसऱ्यानेही सुटीत काम करून साठवलेले पैसे घातले, तोच पिकअप आणला आणि बसवला. पण आवाज पूर्वीसारखाच मंद.

"सर, मला नक्की खोटा माल मिळालाय," दुसरा म्हणाला. "परत करायला चारच दिवस उरलेत."

आम्ही दोघांनाही काय काय केले ते सविस्तर सांगायला लावले. तेव्हा एक गोष्ट बाहेर आली. पहिल्याने पिकअप बदलताना तारांचाही नवा संच घातला होता. दुसऱ्याने पैसे वाचवण्यासाठी काढलेल्या जुन्या ताराच पुन्हा चढवल्या होत्या.

म्हणजे प्रश्न दोन झाले. गिटारचा एखादा भाग बदलताना काढलेल्या तारा पुन्हा वापरल्या तर चालतात का? आणि आवाजातला बदल पिकअपमुळे झाला की तारांमुळे, हे ओळखायचे कसे? पहिला प्रश्न धातूंच्या गुणधर्मांचा आहे, दुसरा प्रयोग करण्याच्या रीतीचा. दोन्ही वर्गात घेण्याजोगे आहेत.

पिकअप काय करतो?

साध्या गिटारमध्ये तारेची कंपने ब्रिजमार्फत लाकडी पेटीला मिळतात आणि पेटी हवा हलवते. इलेक्ट्रिक गिटारमध्ये पेटीचे काम पिकअप आणि ध्वनिवर्धक मिळून करतात. पिकअप म्हणजे कायम चुंबक आणि त्याच्याभोवती अतिशय बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. चुंबकामुळे वर असलेली पोलादी तार स्वतःही थोडी चुंबकित होते. ती कंप पावू लागली की वेढ्यांमधून जाणारे चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होते आणि वेढ्यांत विद्युतदाब निर्माण होतो. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. १९३१ साली लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बोशाम्प आणि अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांच्या प्रयत्नांतून तयार झालेली 'फ्राइंग पॅन' ही गिटार याच तत्त्वावर चालत होती, आणि आजचे बहुसंख्य पिकअपही त्याच तत्त्वावर चालतात.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. तारेत जी कंपने आहेत त्यांतलीच पिकअप उचलतो. काही कंपने तो अधिक ठळक करील, काही दाबील. पण जे तारेत नाही ते तो निर्माण करू शकत नाही. तार पोलादी असावी लागते हेही यातूनच कळते. घरी सतारीच्या किंवा तंबोऱ्याच्या जुन्या तारा असतील तर चुंबक जवळ नेऊन पाहा. पोलादी तार ओढली जाईल, पितळी तार जाणार नाही. पितळी तार गिटारवर चढवली तर ती कंप पावेल, पण पिकअपच्या दृष्टीने ती जवळजवळ मुकीच राहील.

सैल केली की तार बिघडते का?

'एकदा उतरवलेली तार मेलीच समजायची' असे वादकांमध्ये पुष्कळदा म्हटले जाते. हे कितपत खरे आहे, याचा हिशेब करू.

इलेक्ट्रिक गिटारची सर्वांत बारीक तार बहुधा इंचाच्या शंभराव्या भागाएवढ्या, म्हणजे सुमारे ०.२५ मिलिमीटर व्यासाची असते. तिची कंप पावणारी लांबी अनेक गिटारवर ६४८ मिलिमीटर असते आणि तिची वारंवारता सुमारे ३३० हर्ट्झ. मूळ स्वरात तारेच्या लांबीत अर्धी तरंगलांबी मावते. तेव्हा तारेवरून जाणाऱ्या तरंगाचा वेग म्हणजे लांबीच्या दुपटीचा वारंवारतेशी गुणाकार: सेकंदाला सुमारे ४२८ मीटर. हवेतल्या ध्वनीच्या वेगापेक्षाही तो अधिक आहे!

या वेगाचा वर्ग गुणिले पोलादाची घनता (घनमीटरला ७८५० किलोग्रॅम) हे तारेतले प्रतिबल, म्हणजे दर एकक क्षेत्रफळावरचा ताण. उत्तर येते सुमारे १.४ गिगापास्कल. एवढ्या बारीक तारेवर हा ताण ७ किलोग्रॅमहून थोड्या अधिक वजनाइतका भरतो. वाद्यांसाठी ओढलेली उत्तम पोलादी तार तुटायला मात्र २.६ गिगापास्कल किंवा त्याहून अधिक प्रतिबल लागते. म्हणजे आपली तार तुटण्याच्या मर्यादेच्या साधारण निम्म्यावर वाजत असते.

यंगच्या गुणांकावरून पाहिले तर या ताणाने तार सुमारे ०.७ टक्के लांबते. ६४८ मिलिमीटरमध्ये हे लांबणे साडेचार मिलिमीटरच्या आसपास आहे. ते स्थितिस्थापक मर्यादेच्या आत आहे, म्हणजे ताण काढला की तार पुन्हा आखडते आणि ताण दिला की पुन्हा तेवढीच लांबते. दहा-वीस वेळा असे केल्याने पोलादाचे काही बिघडत नाही. तेव्हा नुसती सैल केल्याने तार 'मरते' हे खरे नाही.

या हिशेबात आणखी एक गंमत लपलेली आहे. प्रतिबलाच्या सूत्रात तारेची जाडी येतच नाही. फक्त लांबी, वारंवारता आणि घनता येतात. दुसऱ्या तारेची वारंवारता सुमारे २४७ हर्ट्झ आहे, म्हणून तिच्यातले प्रतिबल ०.८ गिगापास्कलच भरते. सर्वांत बारीक तार सर्वांत जास्त वेळा तुटते ती बारीक असल्यामुळे, असे आपण सहज म्हणतो. खरे कारण वेगळे आहे: इतर तारांएवढ्याच लांबीत तिला सर्वांत उंच स्वर काढावा लागतो.

मग तार तुटते कुठे?

पुन्हा चढवलेली तार तुटते, हा अनुभव मात्र खरा आहे. ती मधोमध क्वचितच तुटते. बहुतेक वेळा ती खुंटीजवळ किंवा ब्रिजवर, म्हणजे जिथे तिला वाक असतो तिथे तुटते.

खुंटीचा व्यास सुमारे ६ मिलिमीटर धरा. तिच्याभोवती ०.२५ मिलिमीटरची तार गुंडाळली की तारेची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. बाहेरच्या बाजूची विकृती साधारणपणे तारेचा व्यास भागिले खुंटीचा व्यास एवढी, म्हणजे सुमारे ४ टक्के. पोलादी तारेची स्थितिस्थापक मर्यादा १ टक्क्याच्या आसपास आहे. ती येथे केव्हाच ओलांडली गेली. म्हणूनच उतरवलेल्या तारेच्या टोकाला स्प्रिंगसारखी वेटोळी कायम राहतात. खुंटीच्या भोकाच्या कडेला तर तार जवळजवळ काटकोनात वळते, तिथली विकृती याहून पुष्कळ अधिक असते.

*करून पाहा:* एक यू-पिन सरळ करा. ती एकाच ठिकाणी वाकवा, सरळ करा, पुन्हा वाकवा, आणि किती वेळा केल्यावर तुटते ते मोजा. दुसरी यू-पिन सरळ करून बाटलीसारख्या मोठ्या गोलाईवर तितक्याच वेळा हलकेच वाकवा. ती तुटणार नाही. आता तिसरी एकदाच तीव्र वाकवून पूर्ण सरळ करण्याचा प्रयत्न करा. जुन्या वाकाची जागा सहजासहजी सरळ होत नाही, शेजारचा भाग आधी वळतो. वाकलेल्या जागी धातू कठीण झालेला असतो, आणि कठीण झालेला धातू पुढच्या वाकाला कमी दाद देतो.

गिटारच्या तारेचे तसेच आहे. पोलादी तार मुळातच खूप ओढून कठीण केलेली असते, तिच्यात आणखी वाक सोसण्याची ताकद थोडीच शिल्लक असते. तार उतरवताना वेटोळी उलगडली, भोकाजवळचा वाक सरळ केला आणि पुन्हा चढवताना तो त्याच जागी किंवा किंचित पुढे घातला, की त्या जागी बारीक चीर सुरू होऊ शकते. त्यावर सात किलोग्रॅमचा ताण येतो, आणि तार तुटते. दोष सैल करण्याचा नाही, वाक मोडण्याचा आहे.

आणि मंद आवाज?

तार न तुटताही जुनी होते. घाम, त्वचेचे तेल आणि धूळ तिच्यावर बसते, गंज चढतो. जाड तारांमध्ये पोलादी गाभ्याभोवती निकेलचा मुलामा दिलेली दुसरी तार गुंडाळलेली असते. तिच्या वेढ्यांमधल्या फटींत हा मळ रुतून बसतो. शिवाय फ्रेटवर दाबली जाऊन तारेच्या खालच्या बाजूला खाचा पडतात.

याचे दोन परिणाम होतात. पहिला, मळामुळे कंपनांची ऊर्जा तारेतच लवकर जिरते. उंच वारंवारतेची कंपने आधी विझतात, आणि आवाजातला खणखणीतपणा त्यांच्यामुळेच असतो. दुसरा परिणाम अधिक विचार करण्याजोगा आहे. चांगल्या तारेत संनादी स्वर मूळ वारंवारतेच्या जवळजवळ दुप्पट, तिप्पट, चौपट असतात. पण तारेचे वस्तुमान सगळीकडे सारखे नसेल तर हे प्रमाण बिघडते.

*करून पाहा:* सोनोमीटरची एक मीटर लांबीची तार छेडा आणि मोबाईलवरील वारंवारता दाखवणाऱ्या अ‍ॅपने तिची वारंवारता मोजा. आता तारेच्या बरोबर मध्यावर गव्हाच्या दाण्याएवढे मेण चिकटवा. मूळ स्वर उतरेल, कारण मध्यावर तार सर्वांत जास्त हलते. नंतर मध्यावर बोट हलकेच टेकवून तार एका बाजूला छेडा, म्हणजे दुसरा संनादी ऐकू येईल. तो जवळजवळ पूर्वीइतकाच असेल, कारण त्याचा निष्पंद बिंदू मध्यावरच असतो आणि तिथे मेण हलतच नाही. आता दुसरा संनादी मूळ स्वराच्या दुप्पट राहिलेला नाही.

गिटारच्या सर्वांत बारीक तारेच्या वाजणाऱ्या भागाचे वस्तुमान जेमतेम पाव ग्रॅम असते. तिच्या मध्यावर एका तिळाएवढे, म्हणजे सुमारे ३ मिलिग्रॅम वजन ठेवले तरी मूळ स्वर साधारण एक टक्क्याने, तीन-चार हर्ट्झने उतरेल. मळ, गंज आणि खाचा मिळून असा असमतोल थोड्या प्रमाणात सगळ्या तारेभर करतात. मग मोकळी तार सुरात आणि मधल्या फ्रेटवर बेसूर, असा अनुभव येतो.

बेस गिटार वाजवणारे काही जण जुन्या जाड तारा पाण्यात उकळून, कोरड्या करून पुन्हा चढवतात. आवाज काही काळ उजळतो. तारेच्या जुनेपणात मळाचा वाटा मोठा असल्याचा हा चांगला पुरावा आहे. खाचा आणि गंज मात्र उकळून जात नाहीत.

एका वेळी एकच बदल

आता त्या दोन मित्रांकडे वळू. पहिल्याने दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या आणि श्रेय एकीलाच दिले होते. आम्ही फळ्यावर चार चौकटी आखल्या: जुना पिकअप–जुन्या तारा, नवा पिकअप–जुन्या तारा, जुना पिकअप–नव्या तारा, नवा पिकअप–नव्या तारा. चारही चौकटी भरल्याशिवाय निकाल द्यायचा नाही असे ठरले.

पहिल्या चौकटीसाठी दुसऱ्याच्या मोबाईलवर त्याच्या सरावाचे जुने ध्वनिमुद्रण होते. दुसरी चौकट म्हणजे गिटारची तेव्हाची स्थिती. एवढ्यात पहिल्या मित्रानेच शंका काढली, "पण सर, तारा काढून घातल्यामुळेच आवाज मंद झाला असेल तर?" शंका रास्त होती. तेव्हा काहीही न बदलता तारा नुसत्या काढायच्या, पुन्हा चढवायच्या आणि आधीचा व नंतरचा आवाज ताडून पाहायचा, असा नियंत्रण-प्रयोग ठरला. चढवताना सर्वांत बारीक तार खुंटीपाशी तुटली. वरचा सगळा हिशेब त्या एका 'टण्' आवाजात मुलांना कळला! उरलेल्या पाच तारांच्या आवाजात कोणालाच फरक सांगता आला नाही.

मग वर्गणी काढून नवा संच आणला. तो नव्या पिकअपवर वाजवला, नंतर जुना पिकअप परत बसवून त्याच तारा वाजवल्या. प्रत्येक वेळी तार छेडण्याची जागा खडूने ठरवून दिलेली होती, पिकअप आणि तार यांतले अंतर सारखे ठेवले होते, ध्वनिवर्धकाची बटणे हलवायची नव्हती. ऐकणाऱ्यांना पाठ करून बसवले आणि कोणती चौकट चालू आहे हे सांगितले नाही.

निकाल स्पष्ट होता. नव्या तारांच्या दोन्ही चौकटींत आवाज खणखणीत, जुन्या तारांच्या दोन्हींत मंद. नव्या पिकअपने आवाज थोडा मोठा आणि भरीव केला होता; तो फरक खरा होता, पण ज्याची दोघांना अपेक्षा होती तो नव्हे. दुसऱ्याला मिळालेला माल खोटा नव्हता. चुकीच्या निष्कर्षावरून तो चांगली वस्तू परत करायला निघाला होता, आणि त्याच्या मित्रानेही चुकीच्याच निष्कर्षावरून त्याला ती घ्यायला लावली होती. नुसता खणखणीतपणाच हवा होता तर तारांच्या एका संचात काम झाले असते. पहिला मित्र थोडा वेळ गप्प बसला. नंतर नव्या संचाच्या वर्गणीतला दुसऱ्याचा वाटा त्यानेच भरला.

तर मग तारा पुन्हा वापराव्यात का?

उत्तर कोणता भाग बदलायचा आहे यावर आहे.

लेस पॉल नमुन्याच्या गिटारवर आवाजाची बटणे मागच्या झाकणातून बदलता येतात, तिथे तारांना हात लावावाच लागत नाही. याच नमुन्यावर पिकअप बदलायचा असेल तर तारा पुरेशा सैल केल्यावर त्या अडकवलेली मागची पट्टी तारांसकट खुंट्यांवरून सुटते. वरच्या टोकाची वेटोळी तशीच राहतात, फक्त ती सुटू नयेत म्हणून तारा मानेला कापडी पट्टीने बांधून ठेवाव्यात. वाक मोडला नाही, तर तार परत वापरायला हरकत नाही. स्ट्रॅटोकास्टर नमुन्यावर मात्र पिकअप आणि बटणे तारांखालच्या एकाच पत्र्यासारख्या तबकडीला जोडलेली असतात, त्यामुळे तारा बहुधा काढाव्याच लागतात. ट्यूनिंगच्या खुंट्या बदलायच्या असतील तर वेटोळी उलगडण्याला इलाजच नाही.

तारा काढाव्या लागल्याच तर जाड तारा पुन्हा चढवून पाहता येतात. वेटोळी ओढून सरळ करू नयेत, शक्यतो जुना वाक जुन्याच जागी बसवावा. बारीक तारेची एक जादा प्रत जवळ असावी. ब्रिज बदलला असेल तर जुन्या खाचा आता फ्रेटवर येणार नाहीत हेही लक्षात घ्यावे. नव्या भागाची परीक्षा करायची असेल तर आधी जुन्या ताराच चढवाव्यात, म्हणजे बदल एकच राहील. पण ब्रिजवर प्रत्येक तारेची लांबी कायमची जुळवायची असेल तर ते काम नेहमीच्या जाडीच्या नव्या तारांवरच करावे. असमान तारेवर जुळवलेला सूर नव्या तारेवर टिकत नाही.

एक सूचना शिक्षकांसाठी. सहा तारांचा मिळून ताण सुमारे ४५ किलोग्रॅम वजनाइतका असतो. ताणलेली तार कधीही पक्कडीने कापू नये, आधी पूर्ण सैल करावी. तार चढवताना चेहरा दूर ठेवावा आणि चष्मा लावावा. सोनोमीटरच्या प्रयोगातही हाच नियम पाळावा.

उतरलेल्या तारा टाकूनही देऊ नयेत. त्यांचे तुकडे सोनोमीटरवर लावा, चुंबकाने तपासा, भिंगाखाली खाचा मोजा. तुमच्या वर्गात चार चौकटी भरल्यावर काय आढळले, ते आम्हाला जरूर कळवा. आमच्यापेक्षा वेगळे आढळले तर आधी कळवा.